उशाकडची फट

निखाऱ्यांवर ओव्याची चिमूट पडली, तडतडली, पांढरा धूर वर आला आणि बाजेपर्यंत पोचायच्या आतच घरानं तो ओढून घेतला.

हेमलताबाई बघत राहिल्या. धूर बाळाकडे वळेना की बाळंतिणीकडे. पातळ होत होत तो भिंतीतल्या झरोक्याकडे गेला आणि गडप झाला. त्यांनी दुसरी चिमूट टाकली, जरा मोठी, वर लसणाची सालं आणि वावडिंग. तोही धूर गेला.

"पाह्य व तुह्या घराचे लाड," त्या लेकीला म्हणाल्या. "सगळा धूर एकटंच खाऊन राहिलं. बाळंतीण तू हायेस का हे घर?"

शर्वरी बाजेवर पडल्या पडल्या हसली. हसताना टाके ओढले गेले म्हणून लगेच गप्प झाली. "त्याचं कामच आहे ते, आई. तू टाक हवा तेवढा ओवा. बाळापर्यंत धूर पोचूच देणार नाही ते."

"मंग मी शेगडी आणली कायले?"

शेगडी आणू नको असं शर्वरीनं फोनवर चारदा बजावलं होतं. पण हेमलताबाई राजुऱ्याच्या पलीकडून एसटीनं आल्या त्या पत्र्याची ट्रंक घेऊन, आणि ट्रंकेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेली लोखंडी शेगडी होतीच. रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं होतं. पण माहेर म्हणजे पत्र्याच्या छपराचं घर. उन्हाळ्यात भट्टी आणि थंडीत चाळणी. शर्वरीनं साफ नाही म्हटलं, तेव्हा माहेरच ट्रंक उचलून लेकीकडे आलं. आता एवढं मन मोडल्यावर शेगडीलाही नाही म्हणायचं म्हणजे फारच झालं असतं. आणि शर्वरीचा तिच्या घरावर विश्वास होता. तिनंच तर बांधलं होतं ते.

वरोऱ्याच्या अलीकडे ही नवी वसाहत उठली होती. खाणीच्या धुळीतून हलवलेल्या कुटुंबांसाठी शर्वरीच्या संस्थेनं अशी घरं बांधायला घेतली होती. पहिल्या घरात ती स्वतः राहायला आली, म्हणजे काही बिघडलं तर आधी आपल्यावर बेतेल, असा तिचा हिशेब. दीड वीत जाड भिंती. चुना, भाताचा कोंडा आणि त्यात सोडलेलं बुरशीचं जिवंत जाळं. या भिंतीला श्वासभिंत म्हणायचे. पहिल्याच दिवशी शर्वरीनं आईचा हात धरून भिंतीवर ठेवला होता. "ही जिवंत आहे, आई."

"जिवंत हाये त खाते काय?"

"दमट हवा, धूळ, आपल्या श्वासातलं नको असलेलं सगळं."

"आन घाण कुठं करते?"

शर्वरीला हसू आवरेना. "दोन वर्षांनी वरचा पापुद्रा खरवडायचा आणि बागेत टाकायचा. खत होतं."

"म्हणजे करते," हेमलताबाई म्हणाल्या आणि पदराला हात पुसला.

या घरांचा पहिला नियम म्हणजे कुठंही फट ठेवायची नाही. खिडक्या, दारं, छत, सगळं असं जुळवलेलं की बाहेरचा बोचरा वारा किंवा उन्हाळ्यातली आग आपल्या मर्जीनं आत येणार नाही. हवा यायची ती झरोक्यांतूनच. झरोक्यामागच्या नळ्यांना आतून त्याच जाळ्याचं मऊ अस्तर होतं; ते आकसायचं, सैल व्हायचं आणि हवा ओढायचं-सोडायचं. बाहेर जाणारी हवा जाता जाता आपली ऊब आत येणाऱ्या हवेच्या हवाली करून जायची. उन्हाळ्यात उलट, जाणारी हवा येणारीला गार करायची. त्यामुळे ना हीटर लागायचा, ना एसी. अख्ख्या घराच्या श्वासाला एका बारक्या दिव्याएवढी वीज पुरायची.

आणि घर शिकायचं. कोण कुठल्या खोलीत आहे, किती दमलंय, कोणाला सर्दी झालीय, हे ते श्वासावरून ओळखायचं आणि तेवढीच हवा तिथं सोडायचं. बाळ घरी आलं तेव्हा मात्र ते गोंधळलं. एवढासा श्वास त्याला सापडेचना. पहिले दोन दिवस पाळण्यावरचा झरोका कधी मिटलेला, तर कधी उगाच सताड उघडा. मग एका सकाळी शर्वरीनं आईला बोलावून दाखवलं. बाळाची छाती वरखाली होत होती आणि झरोक्याची मऊ कड त्याच लयीत किंचित उघडत-मिटत होती.

"सापडलं बघ त्याला बाळ," शर्वरी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाळंतिणीच्या डोळ्यांत कशानंही पाणी येतं म्हणून हेमलताबाईंनी तिकडे दुर्लक्ष केलं, पण पाहिलं त्यांनीही होतं. त्यांना ते आवडलंही असतं. अडचण एकच होती. त्यांनी झरोक्यापुढे तळहात धरला आणि तळव्याला वारं लागलं.

वारं. या शब्दाशी हेमलताबाईंचं तीस-बत्तीस वर्षांचं वैर होतं. शर्वरीच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता आणि तो नवव्या दिवशी गेला. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे नावसुद्धा नव्हतं त्याला. शर्वरीला एवढंच ठाऊक होतं, कारण घरात त्यावर कोणी बोलतच नसे. तिनं मात्र लहानपणापासून आईला पाहिलं होतं ते चिंध्या, कागद, ओली माती घेऊन पत्र्याच्या घराच्या फटी बुजवताना. कुठं भगदाड दिसलं की आईच्या कपाळावर आठी. आता कोणी म्हणेल, मुलीनं बिनफटीची घरं बांधायचं शिक्षण घेतलं ते यामुळेच. शर्वरीला कोणी तसं विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. पण गोष्ट तशी खरी होती.

घराला आवाजही होता. "स्वयंपाकघरात वाफ वाढली आहे," असं ते बाईच्या गोड आवाजात सांगायचं. पण बाळ घरी आलं त्याच संध्याकाळी घर बोललं आणि बाळ दचकून असं रडलं की बोलायची सोय नाही. शर्वरीनं लगेच सव्वा महिन्यासाठी तो आवाज बंद करून टाकला. उरला तो दाराजवळचा बारका दिवा. सगळं ठीक असलं की हिरवा, हवा बिघडली की लाल. त्याचा उजेड बाळाच्या डोळ्यांवर येतो म्हणून हेमलताबाईंनी त्यावर दुपटं टाकलं. दोघींनीही जे केलं ते बाळासाठीच केलं.

नववा दिवस उजाडला तो हाडं गोठवणाऱ्या गारठ्यात. बाळाचं नाक चोंदलं होतं. पहाटेपासून ते शिंकत होतं. आधी दोन तोकड्या शिंका, मग क्षणभर थांबून तिसरी लांब, सगळं अंग आकसून. शर्वरीला त्याचं काही वाटत नव्हतं. "तान्ही बाळं शिंकतातच, आई. नाक साफ करायची त्यांची तीच रीत," ती म्हणाली. हेमलताबाईंनी बाळाचं टोपडं कानांवर आणखी खाली ओढलं. प्रत्येक शिंकेला त्या वर झरोक्याकडे बघत होत्या. आज नववा आहे हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगून ते खरं झालं तर?

जावई ओजस सकाळीच शाळेत शिकवायला गेला. बाळाला आणि शर्वरीला न्हाऊ घालून झालं, लेकीच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून हेमलताबाईंनी वरून रुमाल बांधला. गरम पाण्यानं अंग शिथिल झालेली शर्वरी बाळाला कुशीत घेऊन डोळे मिटून पडली. हेमलताबाईंच्या हातात उरलेला कापूस होता. त्यांनी वर झरोक्याकडे पाहिलं.

जसे लेकीच्या कानांत, तसेच त्यांनी घराच्या कानांत बोळे घातले. त्यांच्या लेखी ते कानच होते. आधी पाळण्यावरचा झरोका, मग स्टुलावर चढून खिडकीवरचा, मग दारामागचा. कापूस पुरेना तेव्हा जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि पळीच्या दांड्यानं आत ठासल्या. हे काम त्यांच्या हातांना पाठ होतं. दाराच्या उंबऱ्याशी पंचा लावला. मग निखारे फुलवून शेगडी बाजेखाली सरकवली. ओवा टाकला नाही, कारण धूर भरला असता तर शर्वरीला कळलं असतं.

"आज वास नाही आला ओव्याचा," शर्वरी झोपेतच पुटपुटली.

"नुसता शेक देऊन राहिली मी. झोप तू."

खोली छान उबदार झाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुठून काही हललं नाही. हेमलताबाई भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांना खरोखर बरं वाटलं. बाळाच्या शिंका थांबल्या होत्या. बाहेर काय गारठा असायचा तो असो, आत वाऱ्याची झुळूक नाही. त्यांचं डोकं जरा जड झालं. पहाटेपासूनची दगदग, असं त्यांना वाटलं. मग कानशिलं ठणकायला लागली. उठून पाणी प्यावं असं मनात आलं, पण पाय ऐकेनात. तेवढं तरी कशाला उठायचं. बाळ शांत आहे, पोरगी शांत आहे. दुपट्याखाली दिवा केव्हाचा लाल झाला होता. घर ओरडत असेल तर मुक्यानंच ओरडत होतं.

मग भिंत हलल्यासारखी झाली.

आधी स्वयंपाकघराकडून आवाज आला, कोणीतरी छाती भरून दम घ्यावा तसा. दाराशी लावलेला पंचा बाहेरच्या बाजूला ओढला गेला. दार चौकटीत खडखडलं. मग सगळं थांबलं. हेमलताबाईंनी जड झालेल्या पापण्या उघडल्या आणि त्याच वेळी ते झालं. एक तोकडा धक्का. पुन्हा एक. पाळण्यावरच्या झरोक्यातली चिंधी अर्धवट बाहेर लोंबली. क्षणभर काहीच नाही. आणि मग तिसरा, लांबलचक, सगळ्या घराचं अंग आकसून. तिन्ही झरोक्यांतले बोळे गोळीसारखे सुटले. एक हेमलताबाईंच्या कपाळावर येऊन बसला. बाहेरची थंडगार हवा भसकन आत शिरली, बाजेखालचे निखारे लालभडक फुलले आणि बाळ दचकून जीव खाऊन रडायला लागलं.

घर शिंकलं होतं. दुसरं काही नावच देता येत नव्हतं त्याला.

शर्वरी उठायला गेली आणि बाजेवरून खाली कोसळली. गुडघ्यांवर बसून तिला ओकारी आली. डोकं धरून तिनं वर पाहिलं, मग जमिनीवरचा कापूस पाहिला, मग शेगडी. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते हेमलताबाई जन्मभर विसरणार नव्हत्या.

"आई, झरोके बुजवलेस तू?"

"वारं लागत होतं व बाळाले."

"दार उघड. शेगडी राहू दे, आधी दार उघड."

दोघी बाळाला घेऊन, एकमेकींना धरून, भिंतीचा आधार घेत घेत ओट्यावर आल्या. बाहेर डिसेंबरचं ऊन आणि झोंबणारा वारा. हेमलताबाईंनी बाळावर पदर घालायला हात पुढे केला, आणि शर्वरीनं तो हात बाजूला सारला. बाळाचं तोंड उघडं ठेवून ती त्याला वाऱ्यातच धरून बसली. शेजारणीनं ओजसला फोन केला, तो रुग्णवाहिका घेऊनच आला.

दवाखान्यात तिघींनाही प्राणवायू लावला. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि ओजसला बाजूला घेऊन सांगितलं की कोळशाच्या विस्तवातून निघणाऱ्या वायूला ना रंग असतो, ना वास. बंद खोलीत माणूस झोपेतच जातं आणि तान्हं बाळ सगळ्यांत आधी. वेळेवर बाहेर आल्या म्हणून वाचल्या, एवढंच त्या म्हणाल्या. हेमलताबाईंना ते दोन खाटांपलीकडून ऐकू आलं. तोंडावर प्राणवायूची नळी होती म्हणून बरं, कोणी त्यांना काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी ट्रंक ओढली. शेगडी अंगणात उपडी पडली होती, ती त्यांनी घेतली नाही. लुगडी घड्या करून भरायला लागल्या. शर्वरी दारात येऊन उभी राहिली. बाळ तिच्या खांद्यावर होतं.

"कुठं निघालीस?"

"घरी जातो. ओजस सोडून देते म्हणाला वरोऱ्यापर्यंत." त्यांनी वर पाहिलं नाही. "माह्या हातून लेकरू मारलं गेलं असतं, शर्वरी. तू काही बोलली नाहीस, थे तुह्यं मोठेपण. पण मले इथं बसवत नाही."

शर्वरी खरं तर रागावली होती. कालपासून तिच्या आत राग धुमसत होता, आणि त्यातला अर्धा स्वतःवर होता. घराचा आवाज कोणी बंद केला होता? पण ती बोलली ते वेगळंच.

"आई, कालपासून मी डोकं खाजवतेय. संस्थेतल्या सगळ्यांना विचारलं. झरोका चोंदला तर घरानं बोलायचं, दिवा लावायचा, बस्स. नळीचं अस्तर असं आकसून उलटा झोत मारायचा, हे आम्ही त्याला शिकवलेलंच नाही. कोणाच्या डोक्यातसुद्धा नव्हतं. मग त्याला सुचलं कसं?"

हेमलताबाई काही बोलायच्या आत शर्वरीच्या खांद्यावरचं बाळ शिंकलं. दोन तोकड्या. मग थांबलं. मग तिसरी, लांब, सगळं अंग आकसून.

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

"अशीच," हेमलताबाई म्हणाल्या. हातातलं लुगडं तसंच राहिलं. "अस्सीच शिंकलं थे. दोन बारक्या न् एक लांब."

शर्वरी मटकन ट्रंकेच्या कडेवर बसली. बाळ घरी आल्यापासून घर त्याच्या श्वासावर कान लावून होतं. चोंदलेलं नाक कसं मोकळं करतात हे त्यानं एकदा नव्हे, शंभरदा ऐकलं होतं. आणि स्वतःचं नाक चोंदल्यावर त्यानं घरातल्या सगळ्यांत लहान माणसाचं पाहून तेच केलं. तिला हसू आलं आणि रडूही आलं आणि तिनं दोन्ही येऊ दिलं.

हेमलताबाई तिच्या शेजारी टेकल्या. बाळाचं टोपडं सारखं करत त्या म्हणाल्या, "शर्वरी, तुह्या भावाच्या वेळेसबी शेगडी होती."

शर्वरीनं मान वर केली नाही. ही शंका तिच्या मनात दवाखान्यातच आली होती आणि तिनं ती गिळून टाकली होती.

"अशीच थंडी होती," हेमलताबाई सांगू लागल्या. "सासूबाईनं दुपारीच सगळ्या फटी बुजवल्या. कुडाले शेणमाती लावली, दाराले पोतं. शेगडी बाजेखाली. म्या पाहिलं होतं की एक फट राहिली, माह्या उशाकडं, पत्र्याच्या न् कुडाच्या मधात. तिथून गार लागे. सांगू म्हटलं आन डोळा लागला. जाग आली त बाळ गार पडलेलं. सगळे म्हणाले, वारं लागलं. त्या फटीतून वारं आलं न् लेकरू घेऊन गेलं." त्या थांबल्या. "आजलोक मी त्या फटीले शिव्या देल्या. आन मले. का व बुजवली नाहीस म्हणून."

बाहेर ओजस कोणाशी तरी फोनवर बोलत होता. तो आवाज दूर गेला.

"मंग त्याले वारं नसन लागलं, शर्वरी?"

एवढी वर्षं आईनं ज्या वाऱ्यावर सगळं दुःख रचून ठेवलं तेच काढून घ्यायचं, तर तिच्या हातात देणार काय? शर्वरीला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं तिलाही माहीत नव्हतं. "आता कसं सांगता येईल, आई," ती म्हणाली. "कदाचित वारं असेल. कदाचित नसेल. त्या घराला काही सांगता येत नव्हतं ना."

हेमलताबाईंनी मान हलवली.

"पण एक सांगू? बाळ कुठं होतं? तुझ्या उशाशी?"

"पायथ्याशी. शेक लागावा म्हणून शेगडीपाशी ठेवलं होतं सासूबाईनं."

"आणि फट तुझ्या उशाकडं." शर्वरीनं आईचा हात धरला. चिंध्या ठासून ठासून त्या हाताची बोटं वाकडी झाली होती. "मग त्या फटीनंच तुला वाचवलं असेल, आई. तू तिला शिव्या देतेस. पण तिच्यातून वारं आलं म्हणून तू सकाळी उठलीस. तू उठलीस म्हणून मी झाले. आणि ही."

बाळ आपल्याच मुठीकडे बघत होतं. हेमलताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग वर झरोक्याकडे. मग पदर तोंडाला लावून त्या रडल्या, मुलगा गेला तेव्हाही त्या इतक्या रडल्या नव्हत्या. शर्वरी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, बाळंतीण कोण आणि सांभाळायचं कोणी याचा हिशेब त्या दुपारी कोणी केला नाही. ट्रंक तशीच उघडी राहिली. संध्याकाळी शर्वरीनं घराचा आवाज पुन्हा सुरू केला, अगदी बारीक, आणि हेमलताबाईंनी स्वतःच्या हातानं दिव्यावरचं दुपटं काढलं.

बारसं ठरल्या दिवशीच झालं. शेजारच्या बायका आल्या, घुगऱ्या झाल्या, पाळणा सजला. ओजसच्या बहिणीनं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं, शाल्मली. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, हसल्या, घुगऱ्यांच्या वाट्या घेऊन अंगणातल्या उन्हात जाऊन बसल्या. नव्या आजीनं शेगडीत झेंडू लावलाय, हे त्यांना भारी वाटलं.

शर्वरी बाळाला पाजायला आत आली, तेव्हा हेमलताबाई स्टुलावर चढल्या होत्या. ती दारातच थबकली. पण आईच्या हातात कापूस नव्हता. काजळाची डबी होती. त्यांनी झरोक्याच्या कडेला, भिंतीच्या कानामागं म्हणावं तिथं, बोटानं छोटीशी तीट लावली. मग झरोक्याला तोंड लावून हळूच कुर्र केलं आणि काहीतरी कुजबुजल्या.

"काय गं केलंस?"

"नाव ठेवलं." त्या खाली उतरल्या. "बत्तीस वर्षांपासून मनात होतं. कोणाले देता नाही आलं."

"कोणतं?"

"थे त्याच्या कानात सांगतलं. तुले कायले पायजे."

झरोक्याची कड किंचित उघडली आणि मिटली. उन्हानं तापलेल्या अंगणाची उबदार हवा हेमलताबाईंच्या गालाला लागली. त्या तिच्यापुढून बाजूला झाल्या नाहीत. शर्वरी बाळाला पदराखाली घेत पलीकडच्या भिंतीकडे बघत होती. याच भिंती आता आणखी चारशे घरांत उभ्या राहायच्या होत्या. त्यांत कोणी भांडणार होतं, कोणी दारू पिऊन ओरडणार होतं, कोणी म्हातारं रात्रभर कण्हणार होतं, आणि भिंती ऐकत असणार होत्या.

"शर्वरी," हेमलताबाईंनी भिंतीवर हात ठेवून विचारलं. "हे लेकराचं पाहून शिंकाले शिकलं. उद्या लेकरासारखं रडाले लागलं, त याले घ्यायचं कोणी?"